हाय लाइनवर गाईड कशाला, विचारणाऱ्यांना उत्तर

रंकाळा वेस:
काल इथं एकानं लिहिलं, "न्यूयॉर्कला लेकाकडं गेलो होतो. त्या हाय लाइनवर गाईडबरोबर चाललो. गवत, बाकडी आणि बडबड. त्यापेक्षा आपल्या कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेरी मारलेली बरी, तिथं गाईड लागत नाही." वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितोय. हाय लाइन म्हणजे तिथला मालगाड्यांचा जुना उंच रेल्वेपूल, त्यावर आता चालायची बाग केलीय.

ते गवत आपोआप माजलेलं नाही. 1980 साली त्या रुळांवरून शेवटची मालगाडी गेली, गोठवलेल्या टर्की पक्ष्यांचे तीन डबे घेऊन. त्यानंतर वर्षानुवर्षं वर गाडी नाही, आणि खडीत वाऱ्यानं आलेलं बी रुजत गेलं. बाग करताना लागवडीची रचना करणारे पीट औडॉल्फ यांनी तेच रानटी रूप समोर ठेवून लागवड केली, काही ठिकाणी जुने रूळही वाफ्यांत परत बसवले. हे मला गाईडमुळं दिसलं, नाहीतर मीही सरळ पुढं गेलो असतो.

आमच्या गाईड म्हणजे एक वयस्क बाई होत्या. स्वयंसेवक, पैसे घेत नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना कठड्यापाशी थांबवलं आणि खाली दहाव्या ॲव्हेन्यूकडं बोट केलं. पूर्वी मालगाड्या त्या रस्त्यावरूनच धावायच्या, माणसं चिरडायची. गाडीच्या पुढं घोड्यावरून एक माणूस इशारा देत जायचा, तरी मृत्यू थांबले नाहीत. म्हणून 1934 साली गाड्या वरून न्यायला सुरुवात झाली, थेट कारखान्यांच्या पोटातून. आजचं चेल्सी मार्केट म्हणजे तेव्हाचा बिस्किटांचा कारखाना. याला बडबड म्हणायचं? आपल्या रंकाळ्यावरसुद्धा संध्यामठाकडं बोट करून कुणी चार गोष्टी नीट सांगितल्या, तर रोजची फेरी वेगळी होईल.

पंचगंगाकाठ:
वरून चालणाऱ्याला खालचं दिसत नाही, हा माझा मुद्दा. माझी चुलत बहीण त्याच भागात भाड्यानं राहायची. बाग झाली, भोवती काचेचे टॉवर उठले, घरमालकानं भाडं असं वाढवलं की तिला शहराच्या दुसऱ्या भागात, क्वीन्समध्ये जावं लागलं. ती आजही त्या बागेत पाय ठेवत नाही. 1999 मध्ये ज्या दोघांनी तो पूल वाचवायची चळवळ सुरू केली, त्यांतल्या रॉबर्ट हॅमंड यांनीच पुढं कबूल केलं की शेजारच्या वस्तीसाठी आपण कमी पडलो. हे सांगितलं का तुमच्या बाईंनी?

रंकाळा वेस:
सांगितलं. शेजारची सरकारी घरकुलं दाखवून सांगितलं. तुमच्या बहिणीचं झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण तो दोष जमिनीच्या भावांचा आणि ते मोकाट सोडणाऱ्या धोरणाचा आहे. 2001 मध्ये पूल पाडायचा हुकूम निघाला होता. पाडला असता तर भाडं वाढलं नसतं, याची खात्री आहे तुम्हाला?

शाहूपुरी चौथी गल्ली:
न्यूयॉर्क राहू द्या वो. इथले गाईड काय सांगतात ते बघा! एका गडावर आमच्या पाहुण्यांना एकानं इतकं खोटं ऐकवलं की मला मध्येच थांबवावं लागलं. वर पैसे मागताना आवाज चढवला. आधी माणसं शिकवा, मग चालायला लावा. आणि जुनं जपायचंच असलं तर शाहू मिलचं बोला. 1906 मध्ये शाहू महाराजांनी उभी केलेली गिरणी, आज तिथं झाडं उगवलीत.

गिरणीची लेक:
मिलचा विषय निघालाय तर आता मी बोलणार. माझे वडील तिथं साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. भोंगा झाला की आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. 2022 ला महाराजांच्या स्मृती शताब्दीला आवार उघडलं तेव्हा बाबा आत गेले आणि कुठं कोणतं खातं होतं, कापूस कुठून यायचा, कापडाचा तागा कुठून बाहेर पडायचा, सगळं नातवाला दाखवलं. भोवती अनोळखी माणसं गोळा झाली ऐकायला. गाईड कुठून आणायचे विचारता? असे कामगार अजून आहेत. त्यांना घेऊन आत्ताच फेऱ्या सुरू करा, मिलच्या जागेवर महाराजांचं स्मारक करायचं म्हणतात, त्याचा आराखडा होईल तेव्हा होईल.

मंगळवार पेठ:
ताई, भावना कळते. मी बांधकामातला माणूस आहे. जुन्या छपराखाली लोक नेले आणि पत्रा अंगावर पडला तर जबाबदारी कोण घेणार? हाय लाइनच्या पहिल्या दोन टप्प्यांनाच पंधरा कोटी डॉलरच्या वर खर्च आला. आपल्याकडं तेवढा पैसा नाही. आधी मजबुती, मग फेऱ्या.

गिरणीची लेक:
छपराखाली न्या असं म्हटलंय का मी? आवारातून चाला, चिमणीजवळ थांबा, कोटितीर्थ तलावाच्या बाजूनं बाहेर पडा. "आधी मजबुती" ऐकत ऐकत बाबांच्या खात्यातले किती जण गेले! इमारत नंतर दुरुस्त करता येते. ती माणसं परत आणता येतील का? आणि कळते कळते म्हणू नका, तुमच्या घरातलं कुणी त्या साच्यावर उभं नव्हतं.

मंगळवार पेठ:
माझे आजोबा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते, त्याच मिलच्या गाठी उचलायचे. तेव्हा घरापर्यंत जाऊ नका. आवारातून, छपरापासून लांब, दोर बांधून नेणार असाल तर माझी हरकत नाही. दोर कुठं बांधायचा ते मी येऊन दाखवतो.

शाहूपुरी चौथी गल्ली:
कामगारच सांगणार असतील तर माझा गाईडचा आक्षेप मागं. पण त्यांच्या आठवणी आधी रेकॉर्ड करा. पुढच्या पोरांनी त्यातूनच शिकावं, मनानं भर घालू नये.

पंचगंगाकाठ:
चालण्याला माझा विरोध नव्हताच. हाय लाइनवर आत जायला पैसे पडत नाहीत, इथंही तिकीट लावलं तर मी पहिला भांडेन. आणि मिलच्या मागच्या गल्ल्यांत भाड्यानं राहणाऱ्यांचं काय होणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. रंकाळा वेस, तुम्ही धागा काढलाय, तुम्हीच द्या.