फोरहँड ‘एक-दोन-तीन-चार’ असा मोजून शिकवावा का?

उपवनकर_ठाणे

मुलगी ९ वर्षांची, उंची साधारण १३० सेंमी, उजव्या हाताने खेळते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सिंथेटिक कोर्ट आहे, तिथे शनिवार-रविवार बॅच चालते. सर मेहनती आहेत, पण फोरहँड आकड्यांवर शिकवतात. एकला बाजूला वळायचं, दोनला रॅकेट पूर्ण मागे, तीनला डावा पाय पुढे, चारला फटका आणि रॅकेट खांद्यावर. जवळून हाताने टाकलेला बॉल ती छान मारते. पलीकडून खरा बॉल आला की उशीर होतो, बॉल कमरेच्या मागे सापडतो आणि ती मनगटाने ओढते. एक नेटमध्ये, पुढचा बेसलाइनच्या बाहेर.

हल्लीचे खेळाडू नेटकडे तोंड ठेवून, टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी) देत मारतात. तसा स्ट्रोक लहान मुलांना कमी सूचनांत, सोप्या रीतीने शिकवता येतो असं ऐकलंय. प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची? मला बॉल टाकून देण्यापुरतं येतं. बॉल नेहमीचे पिवळे, रॅकेट २६ इंची.

तलावपाळीकर

ताई, उशिराचं मूळ ‘दोन’मध्ये आहे. रॅकेट पूर्ण मागे नेऊन थांबवली की ती पुन्हा जागच्या जागेवरून हलवावी लागते. हाताने टाकलेल्या बॉलचा टप्पा कुठे पडणार हे मुलीला आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे आकडे जुळतात. रॅलीत प्रत्येक टप्पा वेगळा, त्यामुळे आकडे संपेपर्यंत बॉल अंगावर येतो. शिवाय तिचं निम्मं लक्ष ‘माझी रॅकेट कुठे आहे’ यात अडकलेलं असतं.

सोप्या पद्धतीत मुलाला दोनच जागा पक्क्या करून देतात: बॉल रॅकेटला कुठे भेटतो आणि फटका कुठे संपतो. मधली वाट हात स्वतः शोधतो, आणि बहुतेक मुलांचा हात ती बरोबर शोधतो.

सुरुवात नेटला चिकटून करा. बॉल नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर रॅकेटने दाबून धरायचा आणि तारा वरच्या दिशेने घासत तो पलीकडे लोळवायचा. पाच-सहा वेळा झालं की पुरे. टॉपस्पिन म्हणजे काय हे हाताला इथे कळतं, त्यावर तोंडी व्याख्यान नको.

मग तिला नेटपासून तीन मीटरवर उभी करा. तुम्ही तिच्या उजव्या बाजूला, थोड्या पुढे, रॅकेट लागणार नाही एवढ्या अंतरावर. बॉल खांद्याच्या उंचीवरून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. या टप्प्यावर रॅकेट मागे न्यायचीच नाही. बॉल उसळून वर येतो तेव्हा रॅकेटचं डोकं त्याच्या थोडं खाली आणि जेमतेम एक वीत मागे तयार असलं पाहिजे. तिथून वर-पुढे उचलायचं. शेवटी उजवं कोपर नेटकडे आलेलं हवं, आणि डाव्या हाताने रॅकेटचा गळा (मूठ आणि तारांची चौकट यांमधला भाग) डाव्या खांद्यापाशी पकडायचा. हे पकडणं सोडू नका, कारण त्यामुळे फटका अर्ध्यावर थांबत नाही.

बॉल अंगाच्या पुढे भेटला पाहिजे, पोटाच्या रेषेपासून साधारण ३० सेंमी पुढे, कंबर ते छातीच्या उंचीत. ‘हळू मार’ म्हटलं की मुलं फटका आखडतात. त्याऐवजी ‘नेटच्या एक मीटर वरून काढ आणि सर्व्हिस बॉक्समध्ये पाड’ असं लक्ष्य द्या. वेग आपोआप बेताचा होतो आणि बॉल घासायची गरजही पटते.

दहापैकी आठ बॉल असे पडले की एक मीटर मागे. सर्व्हिस लाइनपर्यंत, म्हणजे नेटपासून ६.४० मीटरवर पोचली की तुम्ही नेटपलीकडे जा आणि अंडरआर्म फीड द्या. खांदे वळवणं इथे आणायचं. ‘रॅकेट मागे घे’ हे वाक्य पूर्ण बंद करा. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवून ‘दोन्ही हातांनी रॅकेट उजवीकडे वळव’ एवढंच सांगा. दोन्ही हात गुंतले की खांदे वळतातच आणि रॅकेट पाठीमागे दूर जाऊ शकत नाही. टप्पा पडायच्या सुमारास डावा हात सोडायचा.

वेळ साधण्यासाठी तिला मोठ्याने बोलू द्या: बॉल जमिनीला लागला की ‘टप्पा’, तारांना लागला की ‘हो’. दोन शब्द एकमेकांवर आदळत असतील तर टप्प्याचा अंदाज चुकतोय. ती बॉलच्या फार जवळ जाऊन उभी राहते आहे, तिला अर्धं पाऊल मागे घ्या. ‘हो’ म्हणताना बॉल कमरेपाशी किंवा मागे असेल तर ती खांदे उशिरा वळवते आहे. बॉल नेट ओलांडण्याआधी खांदे वळलेले हवेत. हे तुम्हाला नुसतं ऐकून आणि बघून कळेल, तंत्र येण्याची गरज नाही.

चुका साधारण अशा होतात. बॉल आभाळात जातो, कारण तारांचं तोंड वर उघडलेलं असतं. बहुतेक वेळा दोष ग्रिपचा, म्हणजे रॅकेट धरण्याच्या पकडीचा, असतो. बॉल नेटमध्ये जातो, कारण रॅकेट बॉलच्या वरून किंवा बरोबरीने निघाली, खालून नाही. मनगटाबद्दल मात्र काहीही सांगू नका. बॉल तारांवर जेमतेम ४-५ मिलिसेकंद असतो, तेवढ्यात मनगट फिरवून काही साधत नाही. टीव्हीवर रॅकेट जी फिरताना दिसते ती खांदा आणि पुढचा हात (कोपर ते मनगट) यांतून आलेली असते. मनगट फिरवायला शिकवलेल्या मुलाचा फटका एका दिवशी लागतो, दुसऱ्या दिवशी लागत नाही, आणि पुढे कोपर दुखू लागतं.

सीवूड्स_बेसलाइन

वरचं सगळं बरोबर, पण पिवळ्या बॉलने ते जमणं अवघड आहे. आधी सामान बदला.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धा नेहमीच्या पिवळ्या बॉलने खेळवता येत नाहीत. त्यांच्यासाठी लाल, नारिंगी आणि हिरवे असे मंद बॉल असतात. कारण उसळीत आहे. २५४ सेंमीवरून सोडलेला पिवळा बॉल १३५ ते १४७ सेंमी उसळतो, नारिंगी १०५ ते १२० आणि लाल ९० ते १०५. हार्ड कोर्टवर जरा जोरात आलेला पिवळा बॉल १३० सेंमीच्या मुलीच्या खांद्यावर जातो. मग ती मागे सरकते, ग्रिप फिरवते, वरून थापटते. या सवयी उंची वाढली तरी जात नाहीत. नारिंगी बॉल पिवळ्याच्या निम्म्या वेगाचा मानतात, आणि वजनालाही हलका: ४७ ग्रॅमच्या आत, तर पिवळा ५६ ते ५९.४ ग्रॅमचा.

नारिंगी बॉलचं कोर्ट १८ मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद, नेट मध्यभागी ८० सेंमी. सोसायटीच्या कोर्टवर नेटपासून दोन्ही बाजूंना ९ मीटरवर खडूने रेघ मारा, म्हणजे मूळ बेसलाइनच्या जवळजवळ २.९ मीटर आत. सिंगल्सच्या बाजूच्या रेघा प्रत्येकी ८५ सेंमी आत घ्या. मधला पट्टा ओढून नेट खाली येत नसेल तर आहे त्या ९१ सेंमीवर खेळवा, अडत नाही.

दबलेले जुने पिवळे बॉल पर्याय म्हणून सर्रास वापरतात. त्यांची उसळी कमी होते, पण वजन तेच राहतं आणि हवेतला वेगही फारसा उतरत नाही. पावसात भिजलेले तर मुलांच्या हातात देऊच नका. ते जड होतात आणि धक्का कोपराला बसतो.

२६ इंची रॅकेट तिला लांब पडते, २५ पुरेल. सरळ उभं राहून हात खाली सोडला आणि रॅकेट पायालगत लोंबती धरली तर टोक जमिनीला जेमतेम टेकावं. टेकून हात वाकत असेल तर रॅकेट मोठी आहे. ॲल्युमिनियमची चालते. पॉलिएस्टरच्या कडक तारा या वयात नकोत. आपल्याकडच्या दमटपणात मूठ घामाने घसरते आणि मुलं ती गच्च आवळतात. पातळ ओव्हरग्रिप गुंडाळा आणि तो गुळगुळीत होताच बदला.

पारसिक

दोघांशी सहमत, पण ‘हात स्वतः शोधतो’ हे मी ग्रिपला आणि सर्व्हला लागू करणार नाही. तिथे पहिल्या दिवसापासून सांगावं लागतं.

फोरहँडसाठी रॅकेट जमिनीवर आडवी ठेवा आणि तिला वरून सहज उचलायला सांगा. हात साधारण सेमी-वेस्टर्न या पकडीच्या जवळ येतो. रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात. रॅकेट कडेवर उभी धरून सर्वांत वरच्या बाजूला एक म्हटलं आणि उजव्या हाताच्या खेळाडूसाठी घड्याळाच्या दिशेने मोजलं, तर तर्जनीच्या बुडाचं हाड चौथ्या बाजूवर यावं. तिसऱ्यावर आलं तरी चालेल. पाचव्यावर गेलं तर खाली राहिलेले बॉल तिला उचलता येणार नाहीत.

सर्व्हला मात्र हाड दुसऱ्या बाजूवर, म्हणजे कॉन्टिनेंटल. लहान मुलं फोरहँडच्याच ग्रिपने, तवा धरल्यासारखी रॅकेट धरून सर्व्ह करतात. सुरुवातीला तसे बॉल आतही पडतात, म्हणून कोणी हटकत नाही. पण त्या पकडीत पुढचा हात बाहेर वळायला जागाच नसते. दोन-तीन वर्षांनी वेग वाढत नाही, तेव्हा सगळं मोडून नव्याने बांधावं लागतं. म्हणून आधी नुसतं फेकायला लावा. सर्व्हिस लाइनवरून जुना बॉल खांद्यावरून, वरच्या दिशेने, पलीकडच्या बॉक्समध्ये. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो करणाऱ्या मुलांना हे लगेच येतं. मग रॅकेट हातात, कड बॉलकडे ठेवून निघायचं आणि शेवटच्या क्षणी तारा उघडायच्या. बॉल उडवताना बोटांनी धरायचा, हात सरळ ठेवायचा आणि डोळ्यांच्या उंचीवर सोडायचा. उंची रॅकेटच्या पोचेपेक्षा वीतभर जास्त. सर्व्हिस लाइनवर जमलं की दोन मीटर मागे, असं करत बेसलाइन.

क्रिकेटचा तोटाही आहे. बॉक्स क्रिकेट खेळणारी मुलं पुढचा पाय बॉलच्या रेषेत टाकून डोळ्यांखाली खेळतात. टेनिसमध्ये बॉल अंगापासून दूर आणि पुढे लागतो. अशा मुलांना ‘पाय पुढे’ ही सूचना अजिबात देऊ नये. उजवा पाय बॉलच्या बाजूला रोवू द्या आणि गुडघा वाकवून घ्या. ताठ गुडघ्याने नुसती कंबर फिरवली की हार्ड कोर्टवर गुडघ्यावर ताण येतो. ओपन स्टान्सवर (नेटकडे तोंड ठेवून उभं राहण्यावर) टीका होते ती बहुतेक याच कारणाने. शिकवायचीच असेल तर एक गोष्ट शिकवा: समोरच्याने बॉल मारला त्याच क्षणी छोटीशी उडी. पावलं तिथून सुटतात.

दोन हातांचा बॅकहँड बहुतेक डाव्या हाताने मारतात. नेटजवळ सोडलेला बॉल आधी एकट्या डाव्या हाताने, मूठ वर धरून दहा वेळा मारू द्या, डाव्या हाताचा फोरहँड समजून. मग उजवा हात खाली कॉन्टिनेंटलमध्ये नुसता जोडायचा. बॉल उजवीकडे खेचला जात असेल तर तो फार पुढे भेटतोय.

उपवनकर_ठाणे

खूपच उपयोगाचं, मनापासून आभार. दोन शंका. सरांची बॅच चालू असताना मी वेगळं सांगितलं तर ती गोंधळेल का? आणि पावसाळ्यात कोर्ट निसरडं असतं, तेव्हा पोडियमच्या भिंतीवर सराव चालेल का?

तलावपाळीकर

गोंधळेल, जर तुम्ही सरांच्या शब्दांना विरोध करणारे शब्द वापरलेत तर. ‘मागे नेऊ नकोस’ म्हणू नका. तुमच्या वेळेत फक्त बॉल टाका, नेटवरची उंची सांगा, ‘टप्पा-हो’ म्हणवून घ्या. सरांना एवढीच विनंती करा की बॅचच्या सुरुवातीची १५ मिनिटं सर्व्हिस बॉक्सच्या आत नारिंगी बॉलने मिनी टेनिस होऊ द्या. एका कोर्टवर दोन जोड्या सहज खेळतात. याला सहसा कोणी नकार देत नाही, कारण मुलं शांत राहतात. रॅली होऊ लागली की आकडे हळूहळू मागे पडतात.

भिंत चालेल, पण जपून. भिंतीवरून बॉल लवकर परत येतो, तिथे मुलं पुन्हा घाईने चापट मारायला लागतात. पाच-सहा मीटरवर उभी करा, नारिंगी किंवा लाल फोमचा बॉल द्या आणि दोन टप्पे पडू द्या. एक मीटरवर खडूची रेघ म्हणजे नेट, दीड ते दोन मीटरच्या पट्ट्यात बॉल लागला पाहिजे. फोमच्या बॉलचा आवाज कमी होतो, सोसायटीत तेवढाच फायदा. दहा मिनिटांवर नको, दमली की उजवं कोपर अंगाला चिकटतं.

सीवूड्स_बेसलाइन

कोर्ट वाळलेलं दिसलं तरी बेसलाइनच्या मागच्या कोपऱ्यांत शेवाळ राहतं, तिथे पाय घासून बघा आणि मगच सोडा. हिरव्या, म्हणजे नारिंगी आणि पिवळ्याच्या मधल्या, बॉलकडे वळायची घाई नको. १८ मीटरच्या कोर्टवर दोघींची २० फटक्यांची रॅली होते आहे आणि बॉल अजूनही अंगाच्या पुढे भेटतोय असं दिसलं की हिरवा आणा. पहिले काही दिवस सत्राची सुरुवात तरी नारिंगीनेच करा.