विषय: कॅरी पिस्तूल – अंगठ्याची सेफ्टी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

कन्सील्ड कॅरीचं (कपड्यांआड पिस्तूल बाळगायचं) परमिट आलं, आता पिस्तूल निवडायचंय. दुकानात स्मिथ अँड वेसनचं शील्ड दोन प्रकारांत दाखवलं, अंगठ्याच्या सेफ्टीसह (अंगठ्याने लावायची-काढायची खटकी, लावली की ट्रिगर चालत नाही) आणि सेफ्टीशिवाय. विक्रेता म्हणाला, "सेफ्टी आता कोण घेतं?" भावाच्या मते सेफ्टीशिवाय भरलेलं पिस्तूल कमरेला लावणं हा शुद्ध वेडेपणा. रेंजवर नेहमी जाणाऱ्यांनी सांगा. घरात सात वर्षांचा मुलगा आहे.

———

ताई,

आधी ट्रिगर बघा, मग सेफ्टी. १९११ पिस्तुलात घोडा (मागचा हॅमर, ट्रिगर नव्हे) पूर्ण मागे ओढलेला असतो आणि ट्रिगर हलका, आखूड. म्हणून त्याला अंगठ्याची आणि मुठीची (मूठ घट्ट धरली की सुटणारी) अशा दोन सेफ्ट्या. उलट स्मिथ अँड वेसन ६४२ रिव्हॉल्व्हरला सेफ्टीच नाही, पण प्रत्येक गोळीला लांब, जड ट्रिगर ओढावा लागतो. चुकून ओढला जाणं अवघड. बेरेटा ९२ किंवा सिग पी२२६ मध्ये पहिल्या गोळीला ट्रिगर जड, पुढच्यांना हलका. हा बदल बोटाला शिकवावा लागतो आणि बरेच जण तिथेच कंटाळतात.

खरा वाद स्ट्रायकर-फायर्ड पिस्तुलांचा, म्हणजे ज्यांना बाहेर घोडा नसतो, आत स्प्रिंगवरची सुई असते. अशा ग्लॉकचा ट्रिगर साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. त्याच्या तीन अंगभूत सेफ्ट्या पिस्तूल पडलं, आपटलं तर गोळी सुटू देत नाहीत. पण ट्रिगर नीट मागे ओढला गेला की तिन्ही बाजूला होतात, मग ओढणारं बोट असो की जॅकेटची दोरी. न्यूयॉर्क पोलिसांनी यावर उपाय म्हणून १२ पौंडांचे ट्रिगर बसवले. त्याने नेमबाजीचे हाल होतात. अमेरिकन लष्कराने २०१७ मध्ये सिगचं एम१७ निवडलं, ते मात्र अंगठ्याच्या सेफ्टीसकट.

सर्वांत धोक्याचा क्षण पिस्तूल होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) परत घालताना येतो. बाहेर घोडा असेल तर त्यावर अंगठा ठेवता येतो; ट्रिगर कशात अडकला तर घोडा हलतो आणि लगेच कळतं. स्ट्रायकरवाल्यात ही सोय नाही. तिथे अंगठ्याची सेफ्टी कामाला येते. होल्स्टर कडक कायडेक्स प्लास्टिकचं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकणारं घ्या. मऊ कापडी नको म्हणजे नकोच. आणि परत घालताना घाई कसली? खाली बघून सावकाश घाला.

मुलाचं म्हणाल तर सेफ्टी म्हणजे कुलूप नव्हे. ती खटकी सात वर्षांचं पोर सहज खाली करेल. अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल लॉकबॉक्समध्ये.

———

दादा, होल्स्टरबद्दल शंभर टक्के सहमत. पण सेफ्टी घ्यायची तर पिस्तूल काढताना दरवेळी ती खाली झाली पाहिजे, झोपेतसुद्धा. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याच्या हाताला ही सवय लागत नाही आणि ऐन वेळी माणूस बंद ट्रिगर ओढत बसतो. शिवाय बेरेटा ९२एफएसची खटकी वर केली की गोळी सुटते, शील्डची आणि १९११ची खाली केली की. घरात दोन्ही तऱ्हा ठेवू नका.

———

मान्य. तरी सेफ्टीवालं घेऊन ती न लावता वापरता येते. नसलेली मागाहून बसवणं कटकटीचं.

———

तिथेच तर गोम आहे! न लावलेली सेफ्टी कपड्याला घासून आपोआप लागू शकते. म्हणजे अंगठा फिरवायची सवय तरीही हवीच. ताई, ही सवय घरी रिकाम्या पिस्तुलावर करता येते. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली गोळीची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.

———

दोघांचेही आभार. सराव रोज करेन, तेव्हा सेफ्टीवालंच घ्यावं असं वाटतंय. फक्त मी डावखुरी आहे, त्याने काही फरक पडतो का?

———

अहो ताई, हे पहिल्या मेलमध्ये सांगायचं ना! शील्डची खटकी फक्त डाव्या बाजूला असते, डाव्या हाताच्या अंगठ्याला ती पोचत नाही. सेफ्टी हवीच असेल तर सिग पी३६५ चं किंवा शील्ड ईझीचं सेफ्टीवालं मॉडेल बघा, दोन्हींना दोन्ही बाजूंनी खटकी आहे. ईझीला मुठीचीही सेफ्टी आहे आणि स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढायला हलकी. विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने घेऊन दोन्ही चालवून बघा.