केड्स कोव्हच्या चर्चला दोन दारं का?

भटकंती_टेनेसी:
गेल्या शनिवारी आईबाबांना घेऊन अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला गेलो होतो, तिथल्या केड्स कोव्ह दरीचा ११ मैलांचा लूप, म्हणजे गोल फिरून येणारा रस्ता, केला. तिथलं ते छोटं पांढरं मेथडिस्ट (ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्च आईला इतकं आवडलं की ती बाकावर हात फिरवत बसूनच राहिली. पण त्याला समोर शेजारी शेजारी दोन दारं आहेत. बाबा म्हणाले एक बायकांचं, एक पुरुषांचं, आपल्याकडे कीर्तनाला वेगळे बसतात तसं. कुणाला नक्की माहितीये का? आणि बांधलं कुणी?

जुने_वाडे:
बाबांचं चुकलं नाही, त्या काळी बऱ्याच चर्चमध्ये बायका आणि पुरुष वेगळे बसायचे आणि म्हणून दोन दारं ठेवायचे. पण या चर्चमध्ये ती पद्धत नव्हती, यांनी दुसऱ्या एका चर्चचा नकाशा घेतला आणि त्यात दोन दारं होती म्हणून इथेही आली. १९०२ साली जे. डी. मॅकॅम्पबेलने बांधलं, तो लोहार आणि सुतार. ११५ दिवस लागले आणि ११५ डॉलर. पुढे तोच तिथला पाद्री झाला, मला हे फार भारी वाटतं, स्वतः ठोकलेल्या छपराखाली प्रवचन द्यायचं!

सह्यवेडी:
त्याच दरीतलं प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टवाल्यांचं, म्हणजे दुसऱ्या एका पंथाचं, चर्च बघितलंत का? त्यांची मंडळी १८२७ पासूनची, आत्ताची इमारत १८८७ ची. धर्मप्रचाराला मिशन पाठवायचं की नाही यावरून भांडण झालं आणि १८३९ ला फुटून मिशनरी बॅप्टिस्ट वेगळे झाले, एवढ्याशा दरीत! अमेरिकेच्या यादवी युद्धात हे प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूचे, बंडखोरांचा म्हणजे दक्षिणवाल्यांचा जोर वाढला तेव्हा चर्च बंदच ठेवावं लागलं. मागे दफनभूमीत इथल्याच रसेल ग्रेगरीची कबर आहे, नॉर्थ कॅरोलिनाच्या बंडखोरांनी मारलं असं दगडावरच कोरलंय. ते वाचून मी बराच वेळ तिथेच उभी होते.

जुने_वाडे:
आणि नॅशनल पार्कसाठी या लोकांच्या जमिनी घेतल्या हेही विसरू नका. इथला रहिवासी जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर कितीतरी वर्षं कोर्टात लढला, शेवटी १९३७ ला त्यालाही घर सोडावं लागलं. आज तिथे गाव म्हणून काहीच नाही, चर्च, कबरी आणि काही जुनी लाकडी घरं तेवढी राहिलीत.

भटकंती_टेनेसी:
खूप आभार दोघांचे. आईला सगळं वाचून दाखवलं, ११५ डॉलर ऐकून तिने दोनदा विचारलं. दुसऱ्या चर्चपाशी आम्ही गाडीतून उतरलोच नाही हो, आता दिवाळीआधी परत जायचं ठरलंय.