स्टॅनले नं. 5 रंधा: अंगावरच्या तारखा एक सांगतात, पाते दुसरेच. वय कसे धरायचे?

सागवान_पुणे:
जुन्या बाजारातून आलेला स्टॅनले बेली (बेली हे रंध्याच्या रचनेचे नाव) नं. 5 जॅक, म्हणजे मधल्या लांबीचा रंधा आहे. लांबी 14 इंच, पाते 2 इंची. फ्रॉगच्या (पाते ज्यावर तिरके टेकते तो तुकडा) मागे बिडात तीन पेटंट तारखा उठावात आहेत, शेवटची एप्रिल-19-10. पुढची मुठी बुटकी. खोली कमीजास्त करायचे पितळी चाक 25 मिमी. पात्यावर मात्र बदामाच्या आकारात एस. डब्ल्यू. आणि लिव्हर कॅपवर (पाते दाबून धरणारे झाकण) स्टॅनले हे नाव ओतलेले. कोणती खूण खरी मानायची? शिवाय हे चाक काढायला जाम आहे, जोर लावला तर चालेल का?

बीड_आणि_पोलाद:
आधी तारीख नीट वाचा. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो, म्हणजे ती 19 एप्रिल 1910 आहे, 'एप्रिल 1910 ला बनवला' असा तिचा अर्थ नाही. पेटंटची तारीख एवढेच सांगते की रंधा त्याआधीचा नाही.

वय नेहमी अंगावरून धरायचे, कारण बीड बदलता येत नाही. पाते झिजते, लिव्हर कॅप तडकते, त्यामुळे ते दोन्ही सर्रास बदललेले असतात. तीन तारखा, बुटकी मुठी आणि 25 मिमीचे चाक हे तिन्ही एकत्र आले की अमेरिकन टाइप स्टडीप्रमाणे (खुणांवरून रंध्यांचे कालखंड पाडणारी यादी) टाइप 11, म्हणजे 1910 ते 1918. टाइप 12 पासून (1919 ते 1924) मुठी उंच होते आणि चाक सुमारे 32 मिमी. टाइप 13 ला (1925 ते 1928) एकच तारीख उरते, आणि लिव्हर कॅपवर स्टॅनले हे नाव तेव्हापासून येते. बदामाची खूण साधारण 1920 ते 1935 च्या पात्यांवर असते. म्हणजे तुमचे अंग जुने, पाते आणि कॅप नंतरची. वापरायला यात काहीच वाईट नाही, उलट त्या काळातले पाते उत्तम. पण हा रंधा कोणी 'सगळा मूळचा' म्हणून विकत असेल तर तेवढे पैसे देऊ नका.

सुतारकी_मिरज:
वरचे बरोबर. फ्रॉगही तपासून घ्या, तोसुद्धा बदललेला असू शकतो. पाते आणि कॅप काढा, फ्रॉगचे दोन स्क्रू सैल करा. मागून, चाकाच्या खाली, फ्रॉग पुढेमागे सरकवणारा एक स्क्रू दिसला पाहिजे. तो टाइप 10 पासून (1907 ते 1909) आहे. मग फ्रॉग उचला आणि त्याच्या बैठकीचे तासलेले भाग स्वच्छ पुसून फ्रॉग पुन्हा नुसता ठेवून पाहा. हाताने दाबल्यावर डुलला, तर एकतर गंजाची पापडी अडकली आहे, नाहीतर फ्रॉग दुसऱ्याच रंध्याचा आहे. 1933 नंतरच्या अंगात फ्रॉगच्या तळाशी रुंद उठावाची कड आलेली असते, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे तुकडे एकमेकांवर नीट बसत नाहीत. डुलणाऱ्या फ्रॉगवर पाते थरथरते आणि लाकडावर आडव्या लाटा उठतात, मग धार कितीही लावा.

लिव्हर कॅपच्या भोकाकडेही बघा. 1933 पासून ते किल्लीच्या भोकासारखे राहिलेले नाही, वाकडे, मूत्रपिंडाच्या आकाराचे झाले. हे एक लांबूनही दिसते.

बीड_आणि_पोलाद:
चाकाबद्दल राहिले. जोर अजिबात लावू नका! त्याचा आटा उलटा आहे, नेहमीसारखे डावीकडे फिरवले तर ते आत जाऊन फ्रॉगवर दाबते. काढायला घड्याळाच्या दिशेने फिरवा. आधी रॉकेलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा, मग चामड्याचा तुकडा गुंडाळून हाताने फिरवा. पकडीने धरले तर पितळाचे दाते मोडतात.

आणि स्क्रू हरवू नका. मुठीचा दांडा व फ्रॉगचे स्क्रू 12-20 आट्याचे आहेत, व्यास साधारण 5.5 मिमी आणि इंचाला 20 आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ते माप मिळत नाही. एम 6 ठोकून बसवला की भोकाचे आटे जातात, प्रसंगी बीडही फुटते.

नवा_हात:
माझ्या रंध्यावर 'मेड इन इंग्लंड' आहे, तारखा नाहीत. हेच टाइप लावू का?

सुतारकी_मिरज:
नाही. ही टाइपची यादी फक्त अमेरिकेत ओतलेल्या बेली रंध्यांची आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मालाला ती लावली की हमखास चुकीचे साल निघते. आकड्यापुढे शून्य असेल, म्हणजे 05, तर तो बहुधा रेकॉर्ड या नावाचा, शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टनने हे रंधे 1931 पासून काढले. तुमच्या रंध्यावर नाव कुठे आहे ते पाहा आणि अंग, फ्रॉग, पात्याचा शिक्का यांचे तीन वेगळे फोटो टाका. शिक्क्यावर तारेचा ब्रश फिरवू नका, उथळ छाप लगेच पुसट होतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश एवढेच पुरे.