फितूर, पलटलेला आणि 'ओयखणारा': खुनाच्या खटल्यातले साक्षीचे शब्द

तर्रीपोहे: पेपरात नेहमी छापून येतं, 'खून खटल्यातील महत्त्वाचा साक्षीदार फितूर'. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. 'गवाह पलटला', 'बयान फिरवलं', फार झालं तर 'फुटला'. या सगळ्यांचा अर्थ एकच का? 'गवाही' हिंदी म्हणून लिखाणात टाळावा का? आणि आरोपीला आधीपासून ओळखणाऱ्या साक्षीदाराला मराठीत वेगळा शब्द आहे का?

अर्जनवीस: 'गवाही' टाळायचं कारण नाही. मूळ फारसी 'गवाह'. जुन्या मराठी कागदांत तो 'गोही' या रूपात भेटतो, म्हणजे घरातलाच आहे. वऱ्हाड-नागपुरात मध्य प्रांताच्या कारभारामुळे हिंदी वळणाचं रूप टिकलं, एवढंच. 'साक्षी' संस्कृत, पाणिनीने 'साक्षात् पाहणारा' असाच अर्थ दिलाय. आता गंमत पाहा, कोर्टात साक्ष देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी खून पाहिलेलाच नसतो. कोणी फक्त आरोपीचा शेजारी असतो, कोणी सालगडी, कोणी ज्याच्या दुकानातून दोरी घेतली तो. शब्द डोळ्याचा, काम बहुतेकदा ओळखीचं.

'फितूर'वर माझा राग आहे. शब्द अरबी, पण मराठीत तो किल्लेदार शत्रूला मिळाला की वापरायचा. त्यामुळे 'साक्षीदार फितूर' वाचलं की माणसाने पैसे खाल्ले असं वाचणारा धरूनच चालतो. कायद्याच्या कलमात असं काही नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चं कलम १५७ (जुन्या १८७२ च्या कायद्यात १५४) एवढंच सांगतं की, ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्यालाच, न्यायालयाची परवानगी असेल तर, उलटतपासणीत विचारता येतात तसे प्रश्न विचारता येतील. 'फितूर घोषित केले' ही वकिली बोली आहे. माणूस घाबरला असेल, विसरला असेल, किंवा पोलिसांनी लिहिलेलं त्याने कधी सांगितलंच नसेल. तिघांवर शिक्का एकच.

शिवाय फितूर म्हटल्याने साक्ष पुसली जात नाही. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम तेच सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये भगवान सिंग आणि सतपाल या दोन निकालांत ते स्पष्ट केलंय. इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय घेऊ शकतं. म्हणून मला 'पलटला' हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो: आधी एक म्हणाला, आता दुसरं म्हणतो. का, ते शब्द सांगत नाही.

निशाणी: 'पलटला' म्हणायला आधीचं काहीतरी हातात पाहिजे. आणि इथे 'बयान' हा शब्द फसवतो. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द चालतो.

पोलिसांनी तपासात घेतलेलं बयान (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १६१). यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. कलम १८१ मध्ये तशी मनाई आहे. 'सही कर बाबा' म्हणून अंगठा उमटवून घेतला, की उलटतपासणीला आयता मुद्दा मिळतो.

न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचं बयान (कलम १८३, जुनं १६४). हे शपथेवर. नव्या संहितेत दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचं बयान नोंदवणं दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक झालंय. खून त्यात आलाच. तरी हा मुख्य पुरावा नव्हे. कोर्टातल्या साक्षीला दुजोरा द्यायला किंवा ती खोडायलाच कामी येतो.

आणि कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून दिलेली ती साक्ष. खरा पुरावा हाच.

पलटल्यावर काय होतं, तर सरकारी वकील पहिल्या बयानातलं नेमकं वाक्य वाचून दाखवतात. साक्षीदार 'असं मी सांगितलं नाही, पोलिसांनी कसं लिहिलं माहीत नाही' म्हणतो. त्या वाक्याला कंस करून 'पोर्शन मार्क अ' असं नाव पडतं. पुढे तपासी अंमलदाराची साक्ष होते तेव्हा 'पोर्शन मार्क अ साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला' असं त्याच्याकडून शाबीत करून घ्यावं लागतं. तेव्हा त्याला निशाणी (एक्झिबिट) क्रमांक मिळतो. हे दुसरं पाऊल बऱ्याचदा राहून जातं. मग कंस कागदावर पडून राहतो आणि विसंगती शाबीत होत नाही. शाबीत झाली तरी त्या वाक्यातला मजकूर खरा ठरत नाही बरं का. फक्त माणूस दोनदा दोन बोलला, एवढं ठरतं.

धुरा: तिसऱ्या प्रश्नाचं कोणी बोललं नाही, म्हणून. वेगळा शब्द नाही, आणि गोंधळ तिथेच आहे. 'ओळख' म्हणजे परिचय. 'ओळख पटवणं' म्हणजे खात्री करणं. आणि कोर्टात 'ओळखतो' म्हणजे बोट दाखवून 'हाच तो'. वऱ्हाडीत सगळ्यांना 'ओयखतो'. वकील विचारतो, 'आरोपीला ओळखता का?' साक्षीदार म्हणतो, 'ओयखतो नं, आमच्या धुऱ्याले धुरा हाये त्याचा.' धुरा म्हणजे शेताचा बांध; त्याने परिचय सांगितला. खाली टंकलिखित होतं: 'मी आरोपीस ओळखतो. न्यायालयात हजर असलेला आरोपी तोच आहे.' दुसरं वाक्य त्याच्याकडून वेगळं वदवून घ्यायला पाहिजे, बोट दाखवून.

ओळख परेड अनोळखी आरोपीसाठी असते. आपल्याकडे ती सहसा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार घेतात. वीस वर्षांच्या शेजाऱ्याची परेड घेण्यात अर्थ नाही. उलट अंधारातही माहितीतला माणूस चालीवरून, आवाजावरून ओळखता येतो, हे न्यायालयं मानतात. पण उजेड कुठून होता ते बयानात यायला पाहिजे. साक्षीदार म्हणाला 'खांबावरच्या लाइटात ओयखला' आणि घटनास्थळ पंचनाम्यात खांबच नाही, तर ओळख कितीही जुनी असो, उलटतपासणीत ती तिथेच अडकते.

बोलीचे दोन-तीन खड्डे लिहून ठेवतो, कारण शब्दचर्चा आहे:

'म्हणे'. 'थो रातच्यान वावरात गेलता म्हणे.' हे ऐकीव आहे. लिहिताना 'म्हणे' गळलं की 'तो रात्री शेतात गेला होता' उरतं आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते. पुढे बचावाचा वकील तेच धरतो, आणि खरं सांगणारा माणूस खोटा ठरतो.

'कोठा'. आपल्याकडे गुरांचा. बाहेरचा माणूस 'कोठी'सारखी खोली समजतो. मग पंचनाम्यात गोठा, साक्षीत खोली.

'पावशी'. वऱ्हाडात विळीला म्हणतात. जप्तीत 'विळा' लिहिलं आणि साक्षीदार 'पावशी' म्हणाला तर हत्यारं दोन झाली. हत्यार दाखवून 'हीच का?' विचारलं तर शंका फिटते. नुसत्या नावावर सोडू नये.

साक्ष पूर्ण झाली की साक्षीदाराला वाचून दाखवतात. 'म्हणे' परत घालायची जागा तीच. बरेच लोक तेव्हा नुसती मान हलवतात.

तर्रीपोहे: धुरा भाऊ, 'म्हणे'चं तर डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक. ओळखीचा माणूस 'त्याची चालचलन खराब होती' असं सांगू शकतो का? आणि बायको?

अर्जनवीस: सरकार पक्ष सुरुवातीला ते काढू शकत नाही. आरोपीचं चांगलं चारित्र्य संबद्ध असतं (साक्ष अधिनियमाचं कलम ४७). वाईट चारित्र्य तेव्हाच, जेव्हा बचावाने 'माणूस चांगला होता' असा पुरावा आणलाय (कलम ४९). म्हणून बचावाकडून गावातली चार वजनदार माणसं 'स्वभावानं सरळ' म्हणायला उभी केली, तर दार त्यांनीच उघडलं. गावात 'चालचलन' हा शब्द दारूपासून बाईपर्यंत सगळं झाकतो. कोर्टात तो तसा मोघम चालत नाही. 'धुऱ्यावरून आठ दिवसांआधी भांडण झालं, मी तिथं होतो' हे मात्र चारित्र्य नव्हे. तो हेतू, आणि तो सांगता येतो.

बायको साक्ष देऊ शकते. पण लग्न टिकून असताना नवऱ्याने तिला जे *सांगितलं*, ते त्याच्या संमतीशिवाय ती उघड करू शकत नाही (कलम १२८, नवराबायकोतलाच खटला असेल तर अपवाद). जे तिने *पाहिलं*, रक्ताचं धोतर, पहाटे धुतलेलं अंग, ते सांगता येतं. मराठीत 'मले समजलं' हे क्रियापद दोन्हींना चालतं, म्हणून 'कसं समजलं?' हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

एक शब्द राहिला, 'नात्यातला साक्षीदार'. पेपरवाले त्याला 'हितसंबंधी' करतात. दोन्ही एक नाहीत. मयताचा भाटवा (मेहुणा) नात्यातला आहे, पण आरोपीला फाशी झाल्याने त्याचा काही फायदा नसेल तर हितसंबंधी नाही. दलीप सिंग खटल्यात १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जवळचा नातेवाईक सहसा खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराधाला गुंतवणार नाही.

निशाणी: मित्राजवळ दिलेल्या कबुलीबद्दलही. 'त्यानं माह्याजवळ कबूल केलं' हे साक्षीदाराचं अनुमान झालं, आरोपीचे शब्द हवेत. 'माह्या हातून झालं' आणि 'म्या मारलं' यांत मराठी माणसाला फरक कळतो: पहिल्यात अपघात, पश्चात्ताप, रागाचा भर, काहीही असू शकतं. दोन्ही 'गुन्हा कबूल केला' असे लिहिले गेले की तो फरक मेला. अशी कबुली तशीही कमजोर पुरावा मानतात, त्यात शब्द बदलले तर काय उरलं?

आणि साक्षीच्या नकला वाचणाऱ्यांसाठी: शेवटी ओळीने 'हे म्हणणे खरे नाही की, आरोपीशी माझे वैर आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे' येतं. ते साक्षीदार आपणहून बोललेला नसतो. वकिलाने तसं सुचवलं, त्याने 'खोटं आहे' म्हटलं, त्याची ही वाक्यरचना. बातमीत 'साक्षीदाराने वैर असल्याचा उल्लेख केला' असं छापून आलं की समजा, वाक्यातलं 'नाही' वाचायचं राहिलं.

तर्रीपोहे: आणि 'मर्ग'? पोलीस ठाण्याच्या नोंदीत असतो.

धुरा: फारसी, मृत्यू. पश्चिम महाराष्ट्रात 'अकस्मात मृत्यू' नोंदवतात, आपल्याकडे 'मर्ग दाखल'. खुनाचा संशय आला की मर्गवरून गुन्हा नोंदतात, आणि मर्गमधली बयानं तपासाच्या कागदांत येतात. म्हणून पहिल्या दिवशी शेजारी काय म्हणाला ते मर्गच्या कागदात पाहावं. तेव्हा आरोपी कोणीच नसतो, माणूस मोकळं बोललेला असतो.