अनुभव धागा: बी-व्हिटॅमिनच्या गोळ्या, इंजेक्शनं आणि त्यांचा त्रास

ओळखीत ज्याला विचारावं त्याचं बी-१२ कमी. शाकाहारी जेवण, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं चाललेली मेटफॉर्मिन, पित्तासाठी रोज सकाळची पॅन्टोप्रॅझोल, यातलं काही ना काही बहुतेक घरांत असतंच. मग डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनं लिहून देतात आणि ती घ्यायलाच हवीत. पण ती सुरू झाल्यावर मळमळ, पुटकुळ्या, गुंगी, मुंग्या असं काही झालं की माणूस गोंधळतो, कारण 'व्हिटॅमिनने काय होणार, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं' हेच आपण ऐकत आलोय. ते सगळ्या बी-व्हिटॅमिनांना लागू नाही. म्हणून तुमचे आणि घरच्यांचे अनुभव इथे हवेत. गोळीचं नाव नको, पाकिटामागचे घटक आणि मिलिग्रॅम लिहा, डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा. नुसतं 'मला सोसली नाही' यावरून दुसऱ्याला काही कळत नाही.

नाशिककर
बी-कॉम्प्लेक्स. लघवी गडद पिवळी झाली म्हणून सौ. घाबरली होती, कावीळ वाटली. तो रंग बी-२ चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा, आणि निरुपद्रवी. मळमळ मात्र खरी होती. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लागली, मळमळ थांबली.

सोलापूरची लेक
माझे वडील सत्तरीतले. पायांची आग होते म्हणून गोळी सुरू झाली. घरात सगळे तिला 'बी-१२ ची गोळी' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात बाबा भरदुपारी पेंगायला लागले, उठताना तोल जायचा, एकदा मोरीच्या उंबऱ्याशी पडता पडता वाचले. आत्या म्हणाली, बी-१२ उष्ण पडतंय, बंद करा. मी पाकीट उलटं करून वाचलं: मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२) ७५० मायक्रोग्रॅम आणि प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम. गुंगी आणि चक्कर या दुसऱ्या औषधाची. ते नसांच्या दुखण्यावरचं औषध आहे, व्हिटॅमिन नाही, आणि किडनी कमकुवत असेल तर ते कमी मात्रेत द्यावं लागतं. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या तपासणीतला आकडा, वाढलेलं होतंच. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली आणि बी-१२ वेगळं चालू ठेवलं. आता दिवसा जागे असतात, काठी न घेता गच्चीवर जातात.

ज्यांच्या घरी ही जोडगोळी बरेच दिवस चालू आहे त्यांनी ती मनाने एकदम बंद करू नका. प्रीगाबालिन हळूहळू उतरवावं लागतं, नाहीतर झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. 'बी-१२ ची गोळी' म्हणून आपल्याकडे जी दिली जाते तिच्यात नुसतं बी-१२ आहे का, एवढं प्रत्येकाने बघाच. म्हाताऱ्या माणसाचं पडणं साधं नसतं हो.

मेलबर्नहून मी
माझं थोडं मोठं आहे. तळपायांना मुंग्या, मग बोटांची टोकं बधिर, रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा. बी-१२ तपासलं, उत्तम होतं. साखर ठीक. इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, विचारलं, काय काय घेता? मी झोपेसाठी मॅग्नेशियमची पावडर, एक मल्टिव्हिटॅमिन आणि 'ताणासाठी' बी-कॉम्प्लेक्स सांगितलं. तिन्हींत बी-६ होतं. पायरिडॉक्सिन नावाने लिहिलेलं असतं, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. बेरीज शंभर मिलिग्रॅमच्या वर गेली. रक्तातलं बी-६ तपासलं तर खूप वाढलेलं.

बी-६ जास्त झालं तर संवेदना वाहणाऱ्या नसांनाच इजा होते. १९८३ पासून हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. ऑस्ट्रेलियात १० मिलिग्रॅमच्या वर बी-६ असलेल्या डब्यावर मुंग्या-बधिरपणाचा इशारा छापावा लागतो. माझ्याही डब्यांवर होता, अगदी बारीक अक्षरांत. याचा मला खरंच राग आला. तिन्ही बंद केल्यावर आधी काही आठवडे त्रास उलट वाढला. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून धीर टिकला. आता हात ठीक आहेत, पाय अजून पूर्ण नाहीत.

नाशिककर
मेलबर्नताई, म्हणजे मुंग्या बी-१२ कमी असल्यानेही येतात आणि बी-६ जास्त झाल्यानेही? मग माणसाने ओळखायचं कसं?

मेलबर्नहून मी
लक्षणांवरून नाही ओळखता येत, काका. रक्त तपासूनच. म्हणून मुंग्या वाढल्या की आणखी एक गोळी वाढवणं धोक्याचं.

कॉलेजवाली, ठाणे
बी-१२ फारच कमी, शंभरच्या आसपास आलं, दिवसाआड इंजेक्शनं लागली. ती लाल रंगाची असतात, कमरेवर दिवसभर ठणकतं. महिनाभरात हनुवटी आणि कपाळावर एकसारख्या बारीक, लालसर पुटकुळ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की बी-१२ च्या मोठ्या मात्रेने काहींना असं होतं. मी रडले, पण इंजेक्शनं पूर्ण केली, कारण जिने चढताना धाप लागत होती आणि वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. नंतर महिन्याला एक झालं तसा चेहरा निवळत गेला.

वॉर्डातली सिस्टर
कॉलेजवाली, छान केलंस. आणखी एक लिहिते. रक्त फारच कमी असलेल्या रुग्णाला बी-१२ सुरू केलं की नव्या पेशी भराभर बनतात आणि रक्तातलं पोटॅशियम घसरू शकतं. छातीत धडधड, स्नायूंत अशक्तपणा जाणवला तर लगेच सांगा. अशा रुग्णाला आम्ही पहिले दिवस लक्षाखाली ठेवतो ते त्यासाठीच. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊन हिमोग्लोबिन वाढलं म्हणून निश्चिंत होऊ नका, बी-१२ ची कमतरता तशीच राहिली तर आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

लॅबवाली, कोल्हापूर
केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनो, हे वाचाच. तेही बी-व्हिटॅमिनच, बी-७. रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमची, आणि केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम! शरीराला त्रास जाणवत नाही, पण काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो. टीएसएच कमी, टी-४ जास्त, म्हणजे थायरॉइड वाढल्यासारखं दिसतं. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही गडबड होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. रक्त द्यायला येणाऱ्या मुलींना मी स्वतःहून विचारते. किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. बहुधा दोन-तीन दिवस पुरतात.

न्यू जर्सीचा
नायसिन, बी-३, कोलेस्टेरॉलसाठी. गोळीनंतर अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती लालबुंद, खाज, आग. अ‍ॅलर्जी नसते ती, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पोट भरलेलं असताना आणि गरम चहा टाळून घेतली की कमी व्हायचं. माझी साखर वाढायला लागली तेव्हा डॉक्टरांनी ती बंदच केली.

एक आई, जळगाव
बी-६ बद्दल वाचून धस्स झालं. मुलाला टीबीची औषधं चालू आहेत आणि सोबत पायरिडॉक्सिनची गोळी आहे. आज सरकारी दवाखान्यात जाऊन विचारून आले. टीबीच्या आयसोनियाझिडने शरीरातलं बी-६ कमी होऊन नसांना त्रास होतो, तो होऊ नये म्हणूनच ही गोळी देतात. त्याची १० मिलिग्रॅमची आहे. डॉक्टर म्हणाले, कोर्स संपेपर्यंत एकही दिवस चुकवायची नाही. त्याच्यासारखं आणखी कुणी घरात असेल, तर धागा वाचून गोळी थांबवू नका, आधी विचारा.