मदत हवी आहे: मेंदी रंगतच नाही, रविवारी लग्न!

अबोली: बहिणीचं लग्न रविवारी, फोंड्याला. मेंदी नुसती नारिंगी आलीय, भोपळ्यासारखी. गडद करायला काय लावू? लवकर सांगा, आई रडकुंडीला आलीय.

माटोळी: मेंदी काढली कधी? खरवडली कधी?

डिचोलीकर: कोन कुठला ते आधी सांगा. मग बोलू.

अबोली: कोन म्हापशाच्या बाजारातले. रात्री काढली, आज सकाळी खरवडली. पण प्रश्न तो नाहीये, रंगाचं सांगा ना!

माटोळी: बाय, आज सकाळी खरवडली तर ती नारिंगीच दिसणार. मेंदीतला लॉसोन, म्हणजे रंग देणारा घटक, कातडीत मुरतो आणि मग हवेने गडद होत जातो. त्याला 24 ते 48 तास लागतात. आज शुक्रवार. नवरीला भांडी, कपडे, पाणी यांपासून लांब ठेवा, एवढंच.

डिचोलीकर: नुसती वाट बघून काय होणार? तव्यावर लवंगा गरम करा, त्या वाफेवर हात धरा. आमच्या घरी प्रत्येक लग्नात हेच करतात.

माटोळी: ऊब मिळते म्हणून फरक पडतो, ते खरं. पण हात तव्याच्या फार जवळ नेऊ नका, भाजेल. आणि खरवडल्यावर लिंबू अजिबात नको.

अबोली: लिंबू आत्याने सकाळीच चोळलंय, साखर घालून.

माटोळी: आता पुन्हा नको. लिंबू-साखर ओल्या मेंदीवर लावायची असते, ती सुकून गळू नये म्हणून. नंतर लावली तर रंग उतरतो.

रायबंदरचा: एवढा त्रास कशाला? काळ्या मेंदीचा कोन आणा, अर्ध्या तासात काळीभोर.

माटोळी: अजिबात आणू नका! खऱ्या मेंदीचा रंग काळा नसतोच. त्या कोनांत बऱ्याचदा पीपीडी असतं, केसांच्या कलपात घालतात ते. त्याने हातावर फोड येतात, डाग राहतात आणि पुढे कलपाचीही ॲलर्जी होऊ शकते. लग्नाच्या तोंडावर नवरीच्या हाताशी हा खेळ नको.

समई: मुळात आपल्याकडे मान चुड्याचा. हिरवी काकणं भरली की नवरी दिसायची. आमची आजी कुंपणावरची पानं पाट्यावर वाटून बोटांची टोकं माखायची आणि तळहातावर एक मोठा ठिपका द्यायची. रंग असा चढायचा की बघत राहावं. आता कोपरापर्यंत वेलबुट्टी हवी सगळ्यांना.

डिचोलीकर: समईताई, वाटलेली पानं कोनातून बाहेर यायची नाहीत. नक्षी काढायची तर वस्त्रगाळ पावडरच लागते. वेलबुट्टीत वाईट काय आहे?

समई: वाईट म्हटलंय कुठे? चुडा विसरू नये, एवढंच.

अबोली: संध्याकाळचं सांगते. तळवे विटकरी झालेत! पण हाताची मागची बाजू अजून फिकटच. आणि उद्या हळद आहे, तिचं काय करू?

माटोळी: तळव्याची कातडी जाड, तिथे रंग जास्त धरतो. मागची बाजू थोडी फिकी राहणारच. हळदीआधी हातांना खोबरेल चोपडा. बायकांना आधीच बजावा, मेंदीवर हळद रगडू नका. अंघोळीला साबण हातावर घासू नका, टॉवेलने नुसतं टिपा.

अबोली: बजावते. आत्याला पहिल्यांदा.

रायबंदरचा: काळा कोन नको तर चांगली पावडर कुठली?

डिचोलीकर: राजस्थानातल्या सोजतची. 2021 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. भिजवून घरीच कोन भरा, उरले तर फ्रीझरमध्ये ठेवा.

समई: पणजीत मिळते का ती? डिसेंबरात भाचीचं लग्न आहे.